ई-टाइप आणि एफ-टाइप : वारस औरस की नावापुरता?

मंदार_वॉरिकशायर

नमस्कार मंडळी.

मी इंग्लंडमध्ये लेमिंग्टन स्पा येथे राहतो आणि माझ्याकडे २०१४ सालची, व्ही-६ इंजिनाची, उघड्या छपराची जग्वार एफ-टाइप ही स्पोर्ट्स गाडी आहे. वापरलेली घेतली, पण मनापासून हवी होती म्हणून घेतली. आमच्या गल्लीत वयाची ऐंशी ओलांडलेले एक शेजारी राहतात. त्यांची उमेदीची वर्षे कॉव्हेंट्रीच्या कारखान्यांत यंत्रांवर गेली, आणि त्यांच्याजवळ १९६५ सालची ४.२ लिटरची, बंद छपराची, जग्वारचीच ई-टाइप आहे. अनेक वर्षे नुसते पाहू दिल्यानंतर मागच्या रविवारी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या आसनावर बसले.

आत शिरणे हेच एक काम आहे. दाराचा उंबरठा रुंद आणि उंच असल्यामुळे आधी बैठक टेकवावी लागते आणि मग एकेक पाय आत घ्यावा लागतो. चोक ओढला, बटण दाबले, आणि इंजिन दोन-तीन आचके देऊन लागले. लाकडी कड्याचे स्टिअरिंग इतके बारीक आहे की बोटे पूर्ण वळून तळहाताला लागतात. समोर बॉनेट पसरलेले असते. त्याच्या मधोमध फुगवटा आणि दोन्ही बाजूंना हवेसाठी कापलेल्या फटी. फॉस वे या जुन्या रोमन रस्त्यावर ताशी साठ मैलांना मला जो वेग जाणवला, तो माझ्या गाडीत नव्वदलाही जाणवत नाही. पहिल्या वळणापूर्वी मी सवयीने उशिरा ब्रेक दाबला, तेव्हा काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात दारावर गेला. दुसऱ्या वळणापासून मी लवकर दाबू लागलो.

घरी येऊन माझ्या गाडीत बसलो. ती अधिक वेगवान आहे, अधिक सुरक्षित आहे, पावसात थेंब आत येत नाही, आणि तिचा आवाजही मोठा आहे. तरीही मनात एक प्रश्न अडकून राहिला. २०१३ साली एफ-टाइप विक्रीला आली तेव्हा सी, डी, ई आणि नंतर एफ अशी अक्षरांची माळ पुढे गेली. पण अक्षर पुढे गेले म्हणजे वारसा पुढे गेला का? वारसा कशाने मोजायचा : आकाराने, वेगाने, किमतीने, की चालवताना हाताला जे कळते त्याने? ज्यांनी यांपैकी एखादी गाडी चालवली आहे किंवा तिच्यावर काम केले आहे, त्यांनी अनुभव जरूर लिहावेत.

---

सुनीती_प

मी दोन्हींपैकी एकही चालवलेली नाही, परंतु न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ साली संग्रहात घेतलेली निळी ई-टाइप जवळून पाहिली आहे. मी शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे. त्या गाडीभोवती फिरताना प्रकाशाची रेघ नाकापासून शेपटीपर्यंत कोठेही न तुटता सरकत जाते. एफ-टाइपच्या अंगावर मात्र तीच रेघ दोन-तीन ठिकाणी मुद्दाम मोडलेली दिसते. ती गाडी देखणी नाही असे मी म्हणणार नाही. मागची बाजू तर फारच सुंदर आहे. पण तिला आपण देखण्या आहोत हे ठाऊक आहे, आणि ई-टाइपला ते ठाऊक नव्हते असे वाटत राहते.

---

यंत्रवेडा

सुनीतीताई, तुमच्या निरीक्षणामागे एक ठोस कारण आहे. ई-टाइपचा आकार माल्कम सेयर यांचा, आणि ते मोटारींचे चित्रकार नव्हते. ब्रिस्टल विमान कंपनीत काम करून आलेले ते वायुगतीचे अभियंते होते. पृष्ठभागावरील वक्र ते गणिताने काढीत. आकडेमोड करून बिंदू मांडायचे आणि ते जोडून रेषा मिळवायची, ही त्यांची पद्धत होती. हीच पद्धत त्यांनी आधी शर्यतीच्या सी-टाइप आणि डी-टाइपला वापरली होती. डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ले मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. म्हणजे जी रेघ तुम्हाला न तुटता सरकताना दिसली, ती हवेसाठी काढलेली होती. डोळ्यांना ती आवडली, हा त्या गणिताचा प्रसाद.

आता मंदाररावांच्या प्रश्नाकडे येतो. मी पुण्यात वाहन उद्योगात तीस वर्षे सस्पेन्शनवर काम केले, तेव्हा माझे माप थोडे वेगळे आहे. १९६१ सालच्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ई-टाइप दाखवली गेली, तेव्हा बहुतेक स्पोर्ट्स गाड्या मागच्या बाजूला एकसंध आडवा दांडा घेऊन फिरत होत्या. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरे तिरके व्हायचे. ई-टाइपला मागची दोन्ही चाके स्वतंत्र होती. चाकाला फिरवणारा दांडाच सस्पेन्शनची वरची भुजा म्हणून वापरला होता, खाली दुसरी भुजा, आणि प्रत्येक बाजूला दोन-दोन स्प्रिंगा. हा सगळा सांगाडा रबराच्या आधारांवर टांगलेला होता, त्यामुळे रस्त्याचा आवाज गाडीत शिरत नसे. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मधला भाग एकसंध पत्र्याचा, आणि पुढे इंजिन धरण्यासाठी चौकोनी नळ्यांची चौकट स्वतंत्र बोल्टांनी जोडलेली. ही डी-टाइपचीच रचना. शर्यतीतले तंत्र थेट रस्त्यावर आणले, हे तिचे खरे मोठेपण आहे.

एफ-टाइपमध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे गोंद आणि रिव्हेट यांनी जोडले आहेत आणि पुढे-मागे दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणाऱ्या वर-खाली दोन भुजा, आहेत. काम उत्तमच आहे, परंतु २०१३ साली त्यातले काहीही जगाला नवे नव्हते. वारसा धाडसाने मोजायचा असेल तर एफ-टाइप थोरल्या घरातली गुणी सून ठरेल. घर तिने नेटके चालवले, पण घर उभे केले दुसऱ्या कोणी.

---

अवंती_लंडन

यंत्रवेडासाहेब, आदरपूर्वक असहमती नोंदवते. तुम्ही आणि मंदारराव दोघेही एफ-टाइपला ई-टाइपची थेट वारस धरून चालला आहात. वंशावळ तशी सरळ नाही.

ई-टाइपचे उत्पादन १९७४ साली थांबले. तिच्यानंतर १९७५ साली एक्सजे-एस आली, आणि ती लांबच्या प्रवासाची मोठी, आरामशीर गाडी होती. १९९६ सालची एक्सके-८ सुद्धा त्याच जातीची. दरम्यान एफ-टाइप जन्माला येता येता दोनदा राहिली आहे. ऐंशीच्या दशकात एक्सजे-४१ या सांकेतिक नावाने तिच्यावर काम चालले होते. फोर्डने १९८९ साली जग्वार विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ते काम बंद केले. त्यातला बराचसा भाग पुढे ॲस्टन मार्टिन डीबी-७ च्या उपयोगी पडला. नंतर २००० साली डेट्रॉइटला एफ-टाइप याच नावाची एक संकल्पना-गाडी दाखवली गेली आणि तीही गुंडाळली गेली.

तिसऱ्या खेपेला मात्र ती जन्मली. २००८ साली टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या, २०११ साली फ्रँकफर्टला सी-एक्स१६ ही संकल्पना-गाडी आली, आणि २०१२ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रत्यक्ष एफ-टाइप उभी राहिली. जवळजवळ चार दशके जी गाडी या घराण्याला कोणी बनवू दिली नाही, ती मुंबईत मुख्यालय असलेल्या मालकाच्या काळात बनली, हे मला मराठी माणूस म्हणून विशेष वाटते. धाडसाचा मुद्दा निघालाच आहे तर हे धाडसही हिशेबात धरा. २००८ हे जागतिक आर्थिक संकटाचे साल होते, हे आपल्याला आठवत असेलच.

---

गिअरबदल

अवंतीताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

---

यंत्रवेडा

अवंतीताई, वंशावळ मान्य, आणि चूकही मान्य. मालकाच्या धाडसाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी अभियंत्यांच्या धाडसाबद्दल बोलत होतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

---

समीर_न्यूजर्सी

ई-टाइपच्या एकूण सुमारे ७२,५०० गाड्या बनल्या आणि त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेत आला, त्यामुळे आमच्या बाजूला त्या तशा दिसतात. माझ्या एका मित्राकडे १९६६ सालची उघडी ई-टाइप आहे आणि दर वसंतात तिला झोपेतून उठवण्याचे काम आम्ही दोघे मिळून करतो. मंदाररावांनी 'हाताला जे कळते' असे लिहिले आहे, त्यासंबंधी एक प्रत्यक्ष गोष्ट सांगतो.

या इंजिनावर एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी यंत्रे, एका रांगेत असतात. तिघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरते. आम्ही एक हातभर रबरी नळी घेतो. तिचे एक टोक कानाशी, आणि दुसरे क्रमाक्रमाने प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना जो फुस्कारा येतो तो तिन्ही ठिकाणी एका सुरात येईपर्यंत स्क्रू केसाकेसाने फिरवायचे. माझी आई गायनाच्या क्लासात तंबोरा लावायची, त्याची मला दरवेळी आठवण येते. मग मिश्रणाची परीक्षा. कार्ब्युरेटरमधला दट्ट्या जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिनाची गती वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन लगेच बसू लागले, तर कमी आहे. किंचित वाढून पुन्हा जागेवर आले, की जमले.

गेल्या वर्षी मित्राने वेळेअभावी हे काम एका गॅरेजला दिले. त्यांनी गाडी धुऊनपुसून परत दिली, पण दट्ट्याच्या नळकांड्यात जे पातळ तेल घालायचे असते ते एकात घातलेच नव्हते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी एक क्षण श्वास रोखल्यासारखी अडखळायची. दोन शनिवार आम्ही प्रज्वलन तपासत बसलो. तिसऱ्या शनिवारी त्याच्या आठवीतल्या मुलीने सहज झाकण उघडले आणि 'बाबा, हे कोरडे आहे' असे म्हणाली. चमचाभर तेल घातले आणि गाडी सुरळीत झाली.

एफ-टाइपमध्ये हे सारे संगणक सेकंदाला कितीतरी वेळा करतो आणि माझ्या कानापेक्षा चांगले करतो, यात शंका नाही. पण ती मुलगी आज ते इंजिन ओळखते. एफ-टाइपच्या बॉनेटखाली तिला शिकता येण्यासारखे काय उघडे ठेवले आहे?

---

केदार_गेडन

मी इंग्लंडमध्ये गेडन येथे वाहन उद्योगात अपघात-सुरक्षेच्या गणनांवर काम करतो, म्हणून आकाराविषयी दोन शब्द.

ई-टाइपचे नाक आज बनवता येणार नाही. ते इतके खाली आहे आणि पत्रा इंजिनाच्या इतका जवळ आहे की पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आदळले तर पत्र्याला दबायला जागाच उरत नाही. नियमांप्रमाणे बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये पोकळी लागते. ती ठेवायची तर बॉनेट उंच होते, आणि उंच बॉनेटला तोलण्यासाठी चाके मोठी लागतात. एफ-टाइपने यावर उपाय केला आहे : पुढच्या बंपरमधील संवेदकांना पादचाऱ्याची धडक कळली की छोट्या स्फोटकाच्या बळावर बॉनेटची मागची कड क्षणार्धात वर उचलली जाते. त्यामुळेच तिचे बॉनेट एरवी इतके सखल ठेवता आले. सुनीतीताईंना जी मोडलेली रेघ दिसली, तिच्यातली एखादी कोणा अनोळखी माणसाच्या डोक्यासाठी मोडलेली आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

ही गोष्ट ई-टाइपच्या हयातीतच सुरू झाली होती. तिच्या दिव्यांवरची काचेची झाकणे १९६७ मध्ये गेली, आतल्या टोकदार खटक्यांच्या जागी चपटी बटणे आली, अमेरिकेसाठी तीनाऐवजी स्ट्रॉमबर्ग बनावटीचे दोन कार्ब्युरेटर आले. नियमांनी तिचे रूप तिच्याच आयुष्यात बदलले. तेव्हा १९६१ ची ई-टाइप आणि २०१३ ची एफ-टाइप शेजारी उभ्या करून 'हिला ते जमले नाही' असे म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही.

---

सुनीती_प

केदार, हे मला ठाऊक नव्हते आणि हे वाचून मी माझे वाक्य थोडे मागे घेते. रेघ का मोडली ते कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तरी डोळ्याला जे दिसते ते दिसतेच, एवढे मात्र म्हणू द्या.

---

विनायक_ठाणे

आकड्यांची एक बाजू कोणी मांडलेली नाही, ती मांडतो.

लांबीला दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या आहेत : ई-टाइप सुमारे ४.४५ मीटर आणि एफ-टाइप ४.४७ मीटर. रुंदीत मात्र फरक पाहा. ई-टाइप सुमारे १.६६ मीटर, एफ-टाइप १.९२ मीटर. एका वितीपेक्षा जास्त. वजन ई-टाइपचे १,२०० ते १,३०० किलो, तर मंदाररावांच्या व्ही-६ चे जवळपास १,६०० किलो. सर्वांत आश्चर्याची गोष्ट इंजिनाची आहे. ई-टाइपला ३.८ किंवा ४.२ लिटरमधून २६५ अश्वशक्ती मिळते असे सांगितले जाई, आणि तो आकडा त्या काळच्या पद्धतीने इंजिन सुटे ठेवून मोजलेला असल्यामुळे गाडीत बसवल्यावर प्रत्यक्ष शक्ती त्याहून कमी असे. २०१७ साली एफ-टाइपला चार सिलिंडरचे, केवळ दोन लिटरचे टर्बो इंजिन मिळाले आणि त्यातून ३०० अश्वशक्ती निघते. निम्मे इंजिन आणि जास्त ताकद.

पण माझा मुद्दा किमतीचा आहे. १९६१ साली ब्रिटनमध्ये उघडी ई-टाइप करांसह २,१०० पौंडांच्या आत मिळत होती, आणि त्या वेळी ॲस्टन मार्टिन डीबी-४ ला जवळपास दुप्पट पैसे पडत. जग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांचे खरे कसब हे होते. ताशी १५० मैलांची गाडी त्यांनी अशा किमतीला दिली की डॉक्टर, वकील किंवा छोटा कारखानदार ती घेण्याचा विचार करू शकला. एका मोटार नियतकालिकाच्या चाचणीत ९६०० एचपी या क्रमांकाची गाडी १५० मैलांना पोचली, म्हणजे आकडाही पोकळ नव्हता. एफ-टाइप २०१३ साली ५८,५२० पौंडांपासून सुरू झाली. ती महाग होती असे म्हणत नाही, पण तेवढ्या पैशात त्याच ताकदीची पोर्शेही मिळत होती. 'इतक्यात इतके कसे?' हा जो धक्का ई-टाइपने दिला, तो एफ-टाइपने दिला नाही. माझ्या मते वारशाचे खरे माप हेच, आणि या मापाने एफ-टाइप वारस ठरत नाही.

---

अवंती_लंडन

विनायकराव, धागा सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि माझ्याजवळ त्याला थेट उत्तर नाही. फक्त एवढेच सुचवते की १९६१ साली तो धक्का देणे शक्य होते, कारण इतर कंपन्यांचे तंत्रच मागे होते. आज पुष्कळ साध्या कौटुंबिक गाड्याही चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन येतात. सगळेच उंच झाल्यावर एकट्याने उंच दिसणे कठीण जाते.

---

ऋजुता_एडिनबरा

आतापर्यंत एफ-टाइपच्या बाजूने चालकाच्या आसनावरून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते आहे.

मी आणि माझ्या नवऱ्याने लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला चार सिलिंडरची एफ-टाइप तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि ग्लेन्को मार्गे फोर्ट विल्यमपर्यंत नेली. रॅनक मूरच्या पठारावर रस्ता सरळ धावतो, दोन्ही बाजूंना पाणथळ जमीन, आणि समोर डोंगर उभे राहू लागतात. तेथे आम्ही छप्पर उघडले. थंडी होती, पण आसनांची ऊब चालू केली आणि काचा वर ठेवल्या. नाकावर थंडगार वारा आणि पाठीला ऊब, हे सुख मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवले.

मी गाड्यांतली जाणकार नाही. मला पाठदुखी आहे, आणि तीन दिवसांत सुमारे चारशे मैल चालवूनही ती वाढली नाही. समीररावांनी विचारले की या गाडीत शिकण्यासारखे काय उघडे ठेवले आहे. इंजिनात नसेल, पण तिने मला, जिने कधी वेगवान गाडीला हात लावला नव्हता, निर्धास्तपणे वळणे घेऊ दिली. ई-टाइपमध्ये ते मी करू धजले नसते आणि करूही नये. स्पोर्ट्स गाडीचा आनंद फक्त तयारीच्या चालकांपुरता ठेवायचा नसेल, तर एफ-टाइपने काहीतरी मोठे केले आहे. तिच्यात शेजारी बसणाऱ्यासाठी मधल्या कठड्यावर एक मूठ दिलेली आहे. नवऱ्याने ती पहिल्या दिवशी घट्ट धरली होती, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा हात खिडकीबाहेर होता.

---

समीर_न्यूजर्सी

ऋजुताताई, तुमचे म्हणणे मनापासून पटले. माझा प्रश्न गाडी दुरुस्त करणाऱ्याचा होता; तुम्ही गाडी चालवणाऱ्याचे उत्तर दिलेत आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. तरी एक सांगतो. ई-टाइपही देखभालीला सोपी नव्हती. मागचे डिस्क ब्रेक चाकांजवळ नसून आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला, लागून आहेत. यामुळे चाकावरचे वजन कमी होते, हे यंत्रवेडासाहेब सांगतीलच; पण ती डिस्क बदलायची तर मागचे संपूर्ण सस्पेन्शन खाली उतरवावे लागते. ब्रेकची उष्णता शेजारच्या डिफरन्शियलच्या सीलांना लागून तेल गळते ते निराळेच. आम्ही ते काम एकदाच केले आहे आणि त्याला सलग चार दिवस लागले.

---

यंत्रवेडा

समीरराव, सांगण्यासारखे तुम्हीच सांगितलेत. ती मांडणी सुंदर आहे आणि मेकॅनिकची परीक्षा पाहणारी आहे. तरीही मूळ आराखडा इतका पक्का होता की जग्वारने तो पुढे तीन दशकांहून अधिक काळ वेगवेगळ्या गाड्यांना वापरला.

स्टिअरिंगबद्दल एक गोष्ट मंदाररावांना विचारायची आहे. सुरुवातीच्या एफ-टाइपमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग होते आणि पुढे ते विजेवर गेले. तुमची गाडी २०१४ ची, म्हणजे तेलावरची. तिच्यात आणि ई-टाइपच्या निव्वळ हाताच्या जोरावर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये तुम्हाला काही नाते जाणवले का?

---

मंदार_वॉरिकशायर

सर्वांचे आभार. मध्ये आठवडाभर उत्तर देता आले नाही, कारण काल दुपारपर्यंत मी एका गोष्टीची वाट पाहत होतो.

आधी यंत्रवेडासाहेबांचा प्रश्न. होय, नाते जाणवले, पण लांबचे. ई-टाइपमध्ये रस्त्याचा प्रत्येक खडा लाकडी कड्यातून बोटांपर्यंत येतो, आणि गाडी सरळ चाललेली असतानाही स्टिअरिंग हातात जिवंत असते. माझ्या गाडीत तेवढे येत नाही. मात्र वळणात पुढच्या चाकांची पकड सुटू लागली की हातातले वजन हलके होते, आणि ती खूण दोन्हीकडे अगदी एकच आहे. त्या दिवशी एका ओल्या वळणावर ई-टाइपने मला ती खूण दिली आणि हातांनी आपोआप ओळखली, कारण माझ्या गाडीने ती मला आधीच शिकवली होती.

विनायकरावांचा किमतीचा मुद्दा मी मान्य करतो. एफ-टाइपने ई-टाइपचा पराक्रम पुन्हा केला नाही. केदार आणि अवंतीताई सांगतात त्यावरून तो पुन्हा करण्याजोगा काळही उरला नव्हता. पण पराक्रम आणि वारसा या दोन गोष्टी मी प्रश्न विचारताना एकत्र केल्या होत्या, असे आता वाटते. आजोबांनी विहीर खणली म्हणून नातवाने दुसरी विहीर खणलीच पाहिजे असे नाही. पण आजोबांच्या विहिरीला पाणी कुठून लागले ते त्याला माहीत असावे. एफ-टाइप बनवणाऱ्यांना ते माहीत होते. जग्वारचे तेव्हाचे रचनाप्रमुख इयान कॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनच आसने ठेवली, मागची चाके चालवणारी ठेवली, आणि पुढे पुढे व्ही-६ ला हाताने बदलायचे गिअरही दिले, जेव्हा त्याची मागणी फारशी राहिलेली नव्हती. मला हे पुरेसे वाटते.

आता कालची गोष्ट. काकांना मी माझी गाडी चालवायची विनंती केली होती आणि त्यांनी हवामान बरे होईपर्यंत थांबायला सांगितले होते. काल ते आले, अंगात कोट आणि हातात चामड्याचे हातमोजे. पहिले पाच मैल ते एक शब्द बोलले नाहीत. मग स्वयंचलित गिअर असूनही त्यांनी कळ वापरून स्वतः गिअर खाली घेतला, इंजिन गुरगुरले आणि ते पहिल्यांदा हसले. एका वळणापूर्वी त्यांनी त्यांच्या सवयीने फार लवकर ब्रेक दाबला आणि गाडी वळणाच्या बऱ्याच आधी मंद झाली. 'ही थांबायला किती उतावीळ आहे,' असे ते म्हणाले.

त्यांच्या दाराशी परत आल्यावर मी उतरायला मदत करू लागलो, तर त्यांनी मला बॉनेट उघडायला सांगितले. मी खटका ओढला. एफ-टाइपचे बॉनेट ई-टाइपप्रमाणेच पुढच्या बाजूला बिजागरी असलेले आहे. मागची कड वर येते आणि पुढचा सगळा भाग नाकाकडे कलतो. काका बराच वेळ त्या बिजागऱ्यांकडे पाहत उभे राहिले. इंजिनावर प्लॅस्टिकचे आवरण आहे, तिकडे त्यांनी नजरही टाकली नाही. मग त्यांनी गॅरेजचे दार वर सरकवले, स्वतःच्या गाडीचे बॉनेट तसेच पुढे कलते केले, आणि मला म्हणाले, आता दोन पावले मागे होऊन बघ.

---

विनायक_ठाणे

मंदारराव, काकांची परवानगी असेल तर त्या दोन उघड्या बॉनेटांचे छायाचित्र येथे जरूर टाकावे.

---

केदार_गेडन

मंदारराव, तुम्ही लेमिंग्टनला आहात, म्हणजे मी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. आणखी एक गोष्ट काकांना सांगा. शेवटची एफ-टाइप २०२४ च्या जूनमध्ये कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातून बाहेर पडली, युद्धकाळात जेथे स्पिटफायर विमाने बनत त्याच जागेतून. ती विकली गेली नाही. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या संग्रहात गेली. १९७४ सालची शेवटची ई-टाइपही, एचडीयू ५५५एन क्रमांकाची काळी उघडी गाडी, त्याच ट्रस्टकडे आहे. काकांची प्रकृती बरी असेल तर येत्या महिन्यात एखाद्या शनिवारी आपण तिघे गेडनच्या मोटार संग्रहालयात जाऊ. गाडी मी काढतो, ती अगदी साधी आहे.

---

मंदार_वॉरिकशायर

केदार, काकांना विचारले. ते येतात म्हणाले, पण त्यांच्या गाडीतून. तिच्यात दोघांचीच जागा आहे, तेव्हा आपण दोघे मागून माझ्या गाडीने जाऊ. वाटेत वळणे कोठे आहेत ते त्यांना पाठ आहे. आपल्याला फक्त त्यांच्या मागे राहायचे आहे. छायाचित्र संध्याकाळी टाकतो.